उकळलेला स्पंज आणि माझा धाकटा भाऊ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कंपाउंडर (निवृत्त झालो, सवय गेलेली नाही), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बायको स्वयंपाकघरातून "आधी जेवून घ्या" म्हणून तिसऱ्यांदा ओरडली आहे, ते दडपण समजू नये.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस, तिच्या पश्चात मुलगा व सून यांस. यावर वाद नको. भांडायची हौस असेल तर पुढे भरपूर सामग्री आहे.

कलम २. खल, बत्ता आणि औषधे तोलण्याचा तराजू कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्यास. तो अंदाजपंचे पुड्या बांधतो असे मी त्याला चारचौघांत बोललो होतो. ते शब्द मी मागे घेत नाही, म्हणूनच तराजू देत आहे.

कलम ३. माझी माशांच्या आजारांची वही सुनेस. पंधरा वर्षे मी तीत निदाने लिहिली. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो: दमा. कल्ले लाल: घसा धरला. कोपऱ्यात पडून राहतो: मनाला काहीतरी लागले आहे. प्रत्येकाला मी काही ना काही औषध दिले, कारण रुग्णाला रिकाम्या हाती पाठवायचे नाही हे माझे तत्त्व. बहुतेक रुग्ण दगावले, पण तक्रार एकानेही केली नाही. सुनेने वही हसण्यासाठी वापरली तरी माझी हरकत नाही.

कलम ४. हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

माझा धाकटा भाऊ बस चालवायचा. दर रविवारी सुट्टीला चहाला यायचा आणि बोलता बोलता बिस्किटाचा चुरा माझ्या माशांच्या टाकीत सोडायचा. मंगळवारी हमखास एक मासा उलटा तरंगायचा. मी वहीत दोन्ही वारांखाली रेघ मारली आणि गुन्हेगार सापडला. नऊ वर्षांपूर्वी एका आठवड्यात चार मासे गेले. त्याच्या आदल्याच रविवारी त्याने हौसेने एक गोल्डफिश आणून टाकीत सोडला होता. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी दारातच म्हणालो, "तुझ्या हातानं मेले हे. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

"दादा, चिमूटभर बिस्किटानं मासे मरतात होय?" एवढेच तो बोलला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला.

त्यानंतरही मासे मरत राहिले. तेव्हा मी वहीत लिहिले: टाकीत जुन्या बिस्किटाचा अंश शिल्लक असावा. मी किती मूर्ख आहे याचा लेखी पुरावा म्हणून ते पान फाडू नये.

या वर्षी मुलाचे लग्न झाले. सून पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने तीन आठवडे रोज टाकीतले पाणी तपासले आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी पाणी ठीक असतं. सोमवार-मंगळवारी अमोनिया चढतो. रविवारी काय करता तुम्ही?"

"काही नाही. फिल्टरचा स्पंज उकळतो फक्त."

"उकळता?"

"सिरिंजा उकळायचो तसाच. वीस मिनिटं."

ती खुर्चीत बसली. "अहो बाबा, माशांची घाण पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात! तुम्ही दर रविवारी त्यांना मारून टाकता, आणि मग मासे आपल्याच घाणीत गुदमरतात."

आता स्पंज मी टाकीतून काढलेल्याच पाण्यात नुसता पिळतो. चार महिन्यांत एकही मासा गेला नाही. सबब जाहीर करतो की भाऊ निर्दोष आहे. मासे मी मारले, आणि नऊ वर्षांचे रविवारही मीच घालवले. मला त्याची फार आठवण येते.

कलम ५. टाकी, पंप आणि तिच्यातला गोल्डफिश भावास. हा तोच मासा, त्याने आणलेला. माझ्या सगळ्या औषधांना तो एकटा पुरून उरला. बिस्कीट शक्यतो घालू नये. घातलेच तर मी बघायला नसेन.

पुरवणी. वकीलबाईंनी वरचा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "काका, हे उघडणार तुम्ही गेल्यावर. माफी तोवर कपाटात ठेवायची का?" म्हणून मी भावाला साक्षीदार म्हणून यायचा निरोप पाठवला. वेगळे काही कारण सुचले नाही.

तो आज आला. उभ्यानेच सगळे वाचले. कलम चार दोनदा वाचले. मग पेन मागितले. तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. सही केलीत तर टाकीवर पाणी सोडावं लागेल."

त्याने पेनाला टोपण लावले. "मग नाही करत. टाकी माझी आहे." पेन परत देत म्हणाला, "पण न्यायची घाई नाही, दादा. मी दर रविवारी येऊन बघत जाईन." आणि खुर्ची ओढून बसला.

ठिकाण: राहत्या घरी, टाकीसमोर. रविवार, दिनांक ११ जून.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचा शिंपी
साक्षीदार २: आमचे दाताचे डॉक्टर

ता.क. सहीशेजारचा चुरा भावाच्या बिस्किटाचा आहे. थोडा टाकीतही गेला. मी पाहिले, आणि काही बोललो नाही.