पहिली बास्केट होईपर्यंत उभे

१४ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
एक कोडे. कोणाशी बोलता बोलता, न बघता, कागदाचा बोळा टोपलीकडे भिरकावला तर तो नेमका आत पडतो. तोच बोळा नीट उभे राहून, एक डोळा मिटून, नेम धरून टाकला की काठावर आपटून बाहेर. हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. विचार कोणी करत नाही. मी या महाविद्यालयात एकोणीस वर्षे शरीरगतिशास्त्र शिकवतो. मी विचार केला आहे. कारण सरळ आहे: नेम अर्धवट धरला जातो. अर्धे मोजमाप हे मुळीच न केलेल्या मोजमापापेक्षा घातक. उपाय: संपूर्ण मोजमाप.

आजपासून मी बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक. बर्ट ऑस्टरमन सत्तावीस वर्षांनी निवृत्त होऊन फ्लोरिडाला मासे धरायला गेले. गेल्या मोसमात त्यांनी पंचवीसपैकी एकवीस सामने जिंकले, तेही कोणतीही पद्धत नसताना. पद्धत आल्यावर काय होईल? करार एका मोसमाचा. क्रीडासंचालक गेल होबार्ट म्हणाल्या, मार्चमध्ये बघू. निव्वळ औपचारिकता.

२ नोव्हेंबर
चेंडूविना सरावाचा तिसरा आठवडा. सिद्धान्त: बावन्न अंशांचा कोन साधल्याखेरीज चेंडू हातातून सुटता कामा नये. प्रत्येक खेळाडूला कोनमापक दिला. टायरेल बिब, आमचा सर्वांत चपळ गडी, याने विचारले की चेंडू कधी मिळणार. उत्सुकता वाढते आहे.

सहायक प्रशिक्षक लॉनी प्रुइट चौदा वर्षे ऑस्टरमनच्या हाताखाली होता. तो मला 'डॉक्टर' म्हणतो, मुले 'प्रोफेसर' म्हणतात. ऑस्टरमनला सगळे नुसते 'कोच' म्हणत. आदरातला हा फरक नोंदवून ठेवतो.

१५ नोव्हेंबर, रात्री
घरच्या मैदानावरचा पहिला सामना. आमचे प्रेक्षक खेळ सुरू होताना उभे राहतात आणि आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत बसत नाहीत. जुन्या चित्रफिती घड्याळ लावून तपासल्या. ऑस्टरमनच्या काळात हे उभे राहणे सरासरी एक्केचाळीस सेकंद टिके. आज: तीन मिनिटे पन्नास सेकंद. म्हणजे प्रेक्षकांचे प्रेम एका सामन्यात पाचपटींहून अधिक वाढले.

५८–७१ हरलो. पण ते मोजमाप वेगळे.

६ डिसेंबर
सहा मिनिटे वीस सेकंद. आलेख काढला. सुंदर रेषा आहे.

मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या वर्ना स्टम्फ कठडा धरून खाली आल्या. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर. उभे राहण्याची ही प्रथा त्यांचे दिवंगत यजमान ऑर्विल यांनी सुरू केली म्हणतात. मला म्हणाल्या, "प्रोफेसर, माझ्या गुडघ्यांत चार मिनिटांचं प्रेम आहे. वरचं कुठून आणू?" मी शरीराचा भार दोन्ही पायांवर समान कसा वाटावा हे त्यांना त्यांच्याच पॉपकॉर्नच्या पिशवीवर आकृती काढून समजावले. त्यांनी पिशवीची घडी करून पर्समध्ये ठेवली. समजले असावे. लॉनीने त्यांना सांगितले, मावशी, तुम्ही बसून घ्या की. त्यावर त्यांचे उत्तर: बसायचंच असतं तर घरी काय खुर्च्या नव्हत्या?

१९ डिसेंबर
बिब रिंगखाली एकटा. चेंडू हातात. दहा फुटांत प्रतिस्पर्धी नाही. मुलगा शिस्तीने कोन मोजत होता, अंगठा वर धरून. तीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा एक नियम आहे. त्यापायी शिट्टी झाली आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांना गेला. लॉनी कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो डॉक्टर, तिथून माझ्या आजीनं टाकला असता." मी विचारले, किती अंशांत? तो पाण्याच्या बाटल्या भरायला गेला.

मर्यादा नव्वद सेकंदांची करावी असे नियम समितीला सात पानी पत्र पाठवले. उत्तर नाही. सखोल विचार चालू असणार.

११ जानेवारी
दोन खेळाडू दुसऱ्या महाविद्यालयात गेले. उरलेल्या नऊ जणांकडे अधिक लक्ष देता येईल. प्रेक्षक अकराशेंवरून साडेतीनशेंवर. सामना नीट दिसण्याची सोय सुधारली.

आजचे उभे राहणे: अकरा मिनिटे आठ सेकंद. उच्चांक. मध्यंतरात मी स्वतः ध्वनिक्षेपकावरून आभार मानले. टाळ्या पडल्या नाहीत, कारण बऱ्याच जणांचे हात पोटऱ्या चोळण्यात गुंतलेले होते. स्टम्फबाईंनी डोळे मिटले होते. भावुक झाल्या असाव्यात.

संकल्प: बारा मिनिटे.

८ फेब्रुवारी
दोन विजय, सतरा पराभव. होबार्टबाईंनी बोलावून विचारले, नेमके काय चालले आहे. मी आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा. म्हणाल्या, शेवटच्या घरच्या सामन्याला मी स्वतः येते. त्यांचीही उत्सुकता वाढते आहे.

२२ फेब्रुवारी, रात्री ९.३०
शेवटचा घरचा सामना, नदीपलीकडच्या महाविद्यालयाशी. दीडशे प्रेक्षक. घड्याळ हातात घेऊन सज्ज होतो.

खेळ सुरू होण्याच्या क्षणी स्टम्फबाई बसल्या.

त्या बसलेल्या पाहून त्यांच्यामागची रांग बसली, मग तिच्यामागची. पूर्ण सभागृह बसले. लाकडी बाकांचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी कठड्यापाशी जाऊन प्रकृती विचारली. त्या हळूच म्हणाल्या, "ऑर्विलला मूठमाती दिली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी इथे उभी होते. आज बसते. तुमच्यावर राग नाही हो, प्रोफेसर."

निदान: सांधेदुखी. थंडीत बळावते.

बिब हे सर्व बघत होता. चेंडू हातात येताच, अर्ध्या मैदानाच्या जरा अलीकडून, कोन न मोजता, अंगठा वर न धरता, त्याने तो सरळ फेकला. बास्केट झाली. नववा सेकंद. आणि स्टम्फबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. पाठोपाठ सगळे. ही प्रथेची पूर्ण उलटापालट होती. बास्केट झाल्यावर बसायचे असते. आवाज इतका की मला घड्याळाची टिकटिक ऐकू येईना.

पद्धतीचा भंग केल्याबद्दल बिबला बाहेर बसवले. अडतीस गुणांनी हरलो. उभे राहण्याची वेळ कशी नोंदवावी याचा निर्णय प्रलंबित.

४ मार्च, सकाळी ९.००, कार्यालय
होबार्टबाईंचे पत्र. तीन ओळी. करार वाढणार नाही. संघ लॉनीकडे. किल्ली शुक्रवारपर्यंत. पत्रात पद्धतीचे खंडन कोठेही नाही, ही बाब महत्त्वाची.

यावर एक साधा प्रयोग आहे. कोणालाही घरी करता येईल. साहित्य: एक कागद, एक टोपली, पाच पावले मोकळी जागा. बोळा नीट नेम धरून टाकावा. नियम एकच: आत पडेपर्यंत बसायचे नाही. कागद समोरच होता. बोळा केला.

९.०५
बावन्न अंश. काठ.

९.१६
सातवा प्रयत्न. काठ. पोटऱ्या भरून आल्या आहेत. अकरा मिनिटे झाली. स्टम्फबाईंचे वय चौऱ्याऐंशी. नुसती नोंद करून ठेवतो.

९.४०
एकोणतिसावा. काठ.

९.५२
बिब दारात आला, कोनमापक परत करायला. पुढच्या वर्षी इथेच राहणार आहे म्हणाला. छान, कोनमापक टेबलावर ठेव, असे त्याला सांगता सांगता बोळा हातातून कधी गेला कळले नाही. बघतही नव्हतो. टोपलीत.

बिब टोपलीकडे बघून म्हणाला, "बसा आता, कोच."

कोन मोजलेला नव्हता. हा प्रयत्न धरता येत नाही.

१०.३०
उभा आहे.