डोली टेकवू नका

जव्हार, ८ डिसेंबर २०२४

चि. रविना,

अनेक आशीर्वाद. हात अजून गळ्यात बांधलेला असेल तर आईला कागद धरायला सांग. वाचून दाखवायला मात्र सांगू नकोस.

इकडे थंडी पडली आहे. नागली झोडून झाली, तुझ्या वाटणीची वेगळी ठेवली आहे. तुला नर्सिंगची शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा फोन आला होता. कामावर असताना हल्ला झाल्याचे पोलिसांचे कागद पोचले की मोखाड्याच्या उपकेंद्रातली तुझी राहिलेली दोन वर्षांची सेवा माफ होईल, पैसेही परत मागणार नाहीत. तू म्हणालीस, "आत्या, मला मोखाड्यात पाऊल टाकायचं नाही." मी बरं म्हणाले.

खोडाळ्याच्या बाजारात जगनचा भाऊ मंगळू भेटला. कांदे निवडता निवडता म्हणाला, "आमचा जग्या पायरीवरून पडला. तुमची पोर पण पडली. पायरीच वाईट हाय, बाई." आणि हसला. तडजोड सांगत होता तो: तुम्ही तक्रार मागे घ्या, आम्हीही बोलणार नाही. मीही कांदे घेतले आणि निघाले.

जगनची बायको बायडी तुला सारखी आठवत असेल. तू चुकली नव्हतीस. बाळंतपणानंतर तिचं रक्त थांबत नव्हतं, गाडी खाली रस्त्यावर उभी होती. उपकेंद्राच्या दारातच तू ओरडलीस, "डोली टेकवू नका, तशीच पळवा!" पण दारात आलेली डोली न टेकवता फिरवली म्हणजे माणसाला हाकललं, हे आपल्या पाड्यावर वाढलेल्या कुणालाही कळतं. तुला नाही आठवलं. तुझ्यासाठी भाकरी घेऊन आलेल्या मलाही नाही आठवलं. गाडीपर्यंत पोचायच्या आत, वाटेतल्या ओढ्याशीच बायडी गेली. जगन आणि मंगळू परत आले ते डोलीचा बांबू घेऊन.

"आमचीच पोर ना तू? माझे बाईला टेकू नाय दिलास!" जगनचं हे ओरडणं तू ऐकलंस. पहिला फटका हातावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा डोक्यात. त्यापुढचं तुला माहीत नाही.

मी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. जगन पडला तो माझ्या फटक्याने, पायरीवरून नव्हे. बांबू त्याच्या हातातून सुटला होता. डोक्यावर हात धरून तो म्हणाला, "बाई, नको." मी पुन्हा मारलं. आणि पुन्हा. मंगळूने मागून धरलं म्हणून थांबले. रागात भान नव्हतं, असं लिहिणार होते. भान होतं. फटका कानामागे बसावा म्हणून मी स्टँड हातात फिरवून घेतला होता. नंतर तो धुतलाही मीच.

जगनची वाचा गेली आहे. तान्ही पोर रडते, त्याला तिला हाक मारता येत नाही.

उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. मग तुझ्या कागदांत हल्ल्याच्या जागी हाणामारी लिहिली जाईल आणि माफी अडकेल. पैसे आपल्याकडे नाहीत. म्हणजे तुला कदाचित त्याच दारात परत उभं राहावं लागेल. आधी तुला विचारावं, असं वाटत होतं. मग लक्षात आलं, तू "नको" म्हणावंस म्हणूनच मला विचारायचं होतं. हे पत्र मिळेल तेव्हा माझा जबाब होऊन गेलेला असेल.

माझ्यावर चीड, बोलू नकोस. पण परत जावं लागलंच, तर दारात आलेली डोली क्षणभर टेकू दे. मग पळव.

तुला वाचवायला धावलेली आणि तू वाचल्यावरही न थांबलेली,

तुझी आत्या
शीला