तुमचा वाटा

आई,

आपल्या शाळेच्या लोकांनी यंदाही मदतीच्या आवाहनाचा मजकूर माझ्याकडून मागवला आहे. उद्या छापायला जायचा आहे. ‘सढळ हाताने दान करा’ इथवर आले आणि थांबले. सुरुवातीला तू हा शब्द तोंडातून काढत नव्हतीस. तू वर्गणी मागायचीस. दान परक्याला देतात, वर्गणी आपल्याच कामाला, एवढं साधं तुझं म्हणणं होतं. जत्रेला, गणपतीला लोक देतात तशी या मुलांसाठीही द्यावी, म्हणजे मुलं गावाची होतील.

धाकटीमुळे तू शाळा काढलीस. ती बारा-तेरा वर्षांची झाली तरी तिला बटणं लावता येत नव्हती, चार वस्तू मोजता येत नव्हत्या, आणि नगरातली कुठलीच शाळा तिला ठेवून घेत नव्हती. मिशनच्या आवारातली एक खोली मागून घेऊन तू तिच्यासारखी मुलं जमवलीस. लोक त्यांना सरळ येडी पोरं म्हणायचे. बाजाराच्या दिवशी तू, मी आणि धाकटी मंडईत वर्गणीला फिरायचो. एकदा कोथिंबीर विकणाऱ्या म्हातारीनं तुला अडवलं. पारनेरकडची होती ती. ‘वर्गनी घेता बाई, अन् परसाद कुठंय? आमच्या गावात वर्गनी दिली की परसाद घरी येतो.’ तू हसलीस. ‘पुढच्या बाजारी आणते, मावशी.’ ‘आना. फुटाने आना. पन मला दात न्हाईत, गूळ जास्ती घाला.’

तेव्हापासून धाकटीच्या गळ्यात पिशवी आली. वर्गणी देणाऱ्याच्या हातावर ती फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवायची आणि तू शिकवलेले दोन शब्द म्हणायची, ‘तुमचा वाटा.’ समोरच्यानं हात पुढे केला नाही तर ती स्वतःच त्याचा हात धरून मूठ उघडायची. म्हातारी म्हणायची, ‘लई हक्कानं देती पोरगी. सासूच हाय माजी.’ मंडईतले हमाल लांबूनच ओरडायचे, ‘आमचा वाटा ठेव गं.’ धाकटीला नावानं हाक मारणारी माणसं घराबाहेरही आहेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग पाऊस गेला, आणि पुढच्या वर्षीही आला नाही. मंडईत भाजीच येईना. मुलांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. शाळेत दुपारची खिचडी मिळते म्हणून ते मुलांना धाडत होते. वर्गणी आटली, खिचडी बंद पडली आणि मुलं यायची थांबली. तू एका मुलाच्या घरी चौकशीला गेलीस तेव्हा मी बरोबर होते. घरात मोठं कुणी नव्हतं. पोराचा पाय बाजेच्या खुराला बांधलेला, शेजारी पाण्याचा तांब्या.

त्याच आठवड्यात भुसार दुकानाचे शेठ तुला म्हणाले, ‘बाई, वर्गणी माणूस सुकाळात देतो. दुष्काळात तो दान देतो, कारण तेव्हा तो भ्यालेला असतो. लोकांना वाटतंय साडेसाती लागलीय, आणि शिंगणापूरला जायला एसटीचं भाडं कुणाकडंय? शनिवारी पोरं माझ्या दुकानासमोर बसवा. तेल येईल, उडीद येतील, तांदूळही येतील. पाटीवर फक्त दान लिहा.’

‘म्हणजे लोकांची पीडा आमच्या मुलांनी घ्यायची?’

‘तुम्ही शिकलेल्या. तुमचा पीडेवर कुठं विश्वास आहे? तांदळावर तर आहे ना?’

पाटी तू तुझ्या हातानं लिहिलीस.

तो शनिवार मला अजून दिसतो. मुलं ओळीनं बसली आहेत. एक गृहस्थ वाटीत तेल घेऊन येतात आणि त्यात स्वतःचा चेहरा बघतात. चेहऱ्याबरोबर पीडा तेलात उतरते आणि तेल घेणाऱ्याकडं जाते, असं मानतात. धाकटीला वाटतं, ते काहीतरी गंमत दाखवताहेत. ती उठून वाटीत डोकावते. तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याशेजारी येतो तसे ते दचकतात, वाटी जमिनीवर ठेवतात आणि मागे न बघता निघतात. हे दान हातात द्यायचं नसतं, ठेवल्यावर वळून बघायचं नसतं, आणि ज्याला दिलं त्याच्याकडून काही परत घ्यायचं नसतं. हे धाकटीला कोण सांगणार? ती फुटाणे घेऊन त्यांच्यामागं जाते. ‘तुमचा वाटा.’ ते झपझप चालू लागतात. दुसऱ्यांच्या बाबतीत तेच, तिसऱ्यांच्याही. शेवटी कोथिंबीरवाली म्हातारी येते, उडदाची पुडी खाली ठेवते. धाकटी सवयीनं तिचा हात धरायला जाते तर म्हातारी मूठ पदराआड घेते. ‘आज नको गं माय. शनवार हाय.’

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू तेच उडीद निवडत बसली होतीस. मी विचारलं, ‘हे आपण कशाला घेतलं?’

‘उडदात शनी दिसतो का तुला?’

‘शनी नाही दिसत. धाकटीला कुणी शिवलं नाही, ते दिसलं.’

तू सूप खाली ठेवलंस. ‘बाजेला बांधलेलं पोर तू विसरलीस, मी नाही. सोमवारी मुलं येतील. ऊठ, अभ्यास कर.’

सोमवारी खरंच मुलं आली. तो मुलगाही आला, आणि दोनदा खिचडी मागून घेऊन जेवला. तुझं चुकलं, असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही.

पुढं पाऊस झाला. मंडई पुन्हा भरली. तू पाटी उतरवलीस आणि आपण तिघी पूर्वीसारख्या वर्गणीला निघालो. लोक म्हणाले, ‘शनिवारी देतो की, बाई.’ म्हातारीनं पैसे काढून दिले, पण फुटाण्यांकडं बघितलंही नाही. ‘राग नगं धरू बाई. घरात सून पोटुशी हाय.’ तू ‘बरं’ म्हणालीस. धाकटीनं थोडा वेळ हात तसाच धरला. मग तिनं फुटाणे जमिनीवर ठेवले, पाठ फिरवली आणि मागे न बघता चालायला लागली. चार वस्तू मोजायला शिकवण्यात आपली वर्षं गेली होती, आणि हे मात्र तिला कुणीच शिकवलं नव्हतं. तू खाली बसून फुटाणे वेचलेस. पुढच्या बाजारी पिशवी घरीच राहिली.

शाळा आता मोठी आहे. शनिवारी तेलाचे डबे येतात, मुलं पोटभर जेवतात. मजकुरात दान हाच शब्द राहू देते आहे. वर्गणी लिहून बघितलं, पण वाचणाऱ्याला ते कळायचं नाही.

धाकटी माझ्याकडंच असते. केस सगळे पांढरे झालेत. रोज सकाळी आम्हा दोघींचा चहा तीच करते, आणि चांगला करते. माझा कप ती हातात देत नाही. खोलीच्या दाराशी जमिनीवर ठेवते आणि वळून निघून जाते. तू गेलीस तेव्हा मी ठरवलं होतं, एक दिवस दारातच हात पुढं करून उभी राहीन, कप हातात घेईन. हे पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिते. अजून तसं एकदाही उभी राहिले नाही. तिची पाठ वळेपर्यंत मी थांबते आणि मग कप उचलते.