पनवती हा काळ असतो, माणूस नव्हे

सोमवार, ३ नोव्हेंबर
गुरुवारी गंगाधरची बायपास, परळला. चाळीत पन्नास वर्षं आमची भिंतीला भिंत. ऑपरेशन होईस्तोवर मी बाहेर बाकावर बसणार, हे नक्की.

संध्याकाळी त्याचा मुलगा विनीत आला. बसला नाही, चहा नको म्हणाला. काका, राग मानू नका, पण गुरुवारी तुम्ही नका येऊ, आई घाबरते. का म्हणून विचारलं, तर चपला घालता घालता म्हणाला, चाळीत सगळे तुम्हाला पनवती म्हणतात, ठाऊक नाही का?
ठाऊक नव्हतं. म्हणजे तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं.

मी भेटून आलो ते तीन पेशंट गेले, हे खरं. पण राऊत ब्याण्णवचे होते. मास्तरांना मी फक्त मोसंबी दिली. तिसऱ्याचं नाव आठवत नाही, म्हणजे तो धरायचा नाही.

मंगळवार, ४
संकल्प : शब्दाचा अर्थ मुळापासून शोधून विनीतला लेखी द्यायचा. मी सातवी पास, पण वाचनाची आवड आहे.

दुपारी दादरच्या वाचनालयात. पद्मजाबाईंनी जाड कोश काढला. चष्मा घरी राहिला, म्हणून त्यांनीच समजावलं. पनवती म्हणजे शनीचा वाईट काळ. साडेसाती ती मोठी, अडीच वर्षांची ती लहान. शब्द कुठून आला ते नक्की नाही, गुजरातीतून असेल म्हणाल्या. मी तीनदा विचारलं, काळच ना? माणूस नाही ना? म्हणाल्या, मुळात काळच, पण आता लोक माणसालाही म्हणतात.
हे शेवटचं लिहून घेतलं नाही.

बुधवार, ५
आणखी पुरावा हवा म्हणून ज्योतिषाकडे. माझी रास वृषभ. तो म्हणाला, आजोबा, तुम्हाला सध्या पनवती नाहीच. मोठी नाही, लहान नाही. जिंकलो!

घरी नलूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, अगंबाई, म्हणजे शनीची मदतसुद्धा नाही? सगळं तुमचं तुम्हीच केलंत?
बायकोला पुरावे दाखवू नयेत.

विनीतला कागद दिला. त्याने न वाचताच खिशात घातला. काका, प्लीज, एवढंच म्हणाला. येणार नाही, असा शब्द दिला.

गुरुवार, ६. सकाळी ९.३०
हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. हा तळमजला, ऑपरेशन चौथ्या मजल्यावर. याला येणं म्हणत नाहीत.

१२.००
तिसरा चहा. वरून काही कळत नाही. गंगाधरला काही झालं तर सकाळी पेपरवरून भांडू कोणाशी? देवा, माझा पुरावा राहू दे बाजूला, त्याला वाचव.

२.१०
लिफ्टवाला म्हणाला, चौथ्यावरची बायपास झकास झाली. आणि मी इथे हजर असताना! आता लपवायचं नाही. भेटायला सोडलं की सगळ्यांसमोर सांगणार.

रविवार, ९
वर गेलो. दारात विनीत. वाकून पाया पडला. काका, तुम्ही आला नाहीत, फार उपकार झाले. हातावर पेढा ठेवला. मी पाच तास खालीच होतो, हे अगदी ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात आतून गंगाधरने पाहिलं. नाकात नळी, तरी हात हलवून ये, ये करत होता. विनीत म्हणाला, या ना काका, आता काय, धोका टळलाय.
मी म्हणालो, नको रे, टाके ओले आहेत अजून.
दारातूनच हात हलवला. तोही बेताने.