पाण्याच्या वाटा

३ नोव्हेंबर

धाकटा आला! पंचेचाळीस वर्षांनी. मला न विचारता हिनेच फोन केला— "तीन मिस्त्री गाडीपुढे हात टेकून गेले, आता भावजींशिवाय कोण आहे?" फाटकाशी उभा राहिला, आत येऊ की नको करत. मी म्हटलं, "गॅरेजला बाहेरूनच वाट आहे." घरात बोलावलं नाही.

बाबांची गाडी ह्यानेच निकामी केली. एकोणीस वर्षांचा होता. पाणी न भरता घेऊन गेला, इंजिन उकळलं, जागच्या जागी जाम! "भरलं होतं, शपथ," हे एकच पालुपद. बाबांनी त्याच संध्याकाळी त्याला घराबाहेर काढलं आणि गाडीवर ताडपत्री टाकली. ती मी गेल्या महिन्यात काढली. मरण्यापूर्वी ते इंजिन एकदा ऐकायचं आहे. आणि धाकट्याच्या तोंडून एकदा— "माझं चुकलं." तेवढं घेतल्याशिवाय सोडणार नाही त्याला.

४ नोव्हेंबर

धाकट्याचं पाइप, वायरी सगळं सोडवून झालं कालच. आज प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑइल ओतलं. "मुरू दे. जाम पिस्टनशी घाई केली की मोडतो."

"घाई करू नये हे तू सांगतोस!" म्हटलं. हसला नाही.

हिने चहा चांगल्या कपातून नेला. मी कप बदलायला लावला.

५ नोव्हेंबर

अजून जाम. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो, शाळेतल्या कविता म्हणत. काय दिवस होते! खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. अजून एक ओळ सुटत नाही माझी. धाकट्याला एकही यायची नाही. सुट्टीआधी दोन्ही वर्ग एकत्र बसायचे तेव्हा तो छड्या खायचा, मी मोजायचो. आठवण करून दिली.

"माहीत आहे," म्हणाला. "मोठ्यानं मोजायचास."

७ नोव्हेंबर

हललं! पान्याला जोर लावला, आधी बोटभर, मग हातभर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत.

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमध्ये गॅस्केटची पट्टी जळून कोळसा. सरळ पट्टी ठेवून दाखवली— खालून उजेड दिसत होता. हेड वाकलंय. "पाणी फिरलंच नाही, दादा."

"भरलंच नव्हतंस."

हाताला धरून रेडिएटरपाशी नेलं मला. आत गंजाची रेघ, अगदी तोंडापर्यंत. "बघ. काठोकाठ होतं."

"गंज काय, चढतो," मी म्हटलं, हिच्या देखत. "पंचेचाळीस वर्षं हेच कारण शोधत होतास?"

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "हेडमधल्या पाण्याच्या वाटा तू साफ कर. तुझे हात बारीक आहेत. वरचा पाइप बसतो तिथून सुरू कर."

८ नोव्हेंबर

कसं लिहू!

वरच्या तोंडात तार घातली. काहीतरी मऊ लागलं. ओढलं— गंजाने तांबडा झालेला गोळा. पाण्यात भिजवून उलगडला. निळ्या चौकटी. माझा कॉलेजातला शर्ट, त्याची बाही.

गाडी जाम झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी वरचा पाइप मी बदलला होता. कचरा आत जाऊ नये म्हणून तोंडात फडकं कोंबलं. आभाळ केशरी झालं होतं, मला एक कविता आठवली, ती मी अख्खी म्हटली, उभा राहून, आभाळाकडे बघत— आणि मग पाइप बसवला. फडक्यावरून. सकाळी किल्ली धाकट्याच्या हातात दिली.

तो पिस्टनच्या रिंगा आणायला गेला होता. मागे पाला जळत होता, त्यात टाकलं. ओलं होतं, जळायला फार वेळ लागला.

आल्या आल्या विचारलं, "मिळालं काही?"

"गंज," मी म्हटलं.

९ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

१२ नोव्हेंबर

हेड खरडून, सपाट होऊन आलं. बसवलं. बोल्ट मधून सुरू करून कडेला कसत नेले— उलटं केलं तर मधे फुगतं म्हणे. "तू कस, पण कविता म्हणू नकोस. एखादा विसरशील." मी ओरडलो त्याच्यावर. उगाच.

"वाटा मोकळ्या आहेत ना, दादा?" तिसऱ्यांदा विचारलं.

"किती वेळा सांगू?"

ही रात्री म्हणाली, "परवा जातील ते. दोन शब्द बरे बोला." मी पाठ फिरवली.

१३ नोव्हेंबर

सुरू झालं! आधी खोकलं, निळा धूर ओकलं, मग लागलं एका लयीत— चार चरण, एकही मात्रा चुकत नाही! डोळे भरून आले माझे. तासभर चाललं, पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध.

शेजारचे रिटायर पोस्टमास्तर डोकावले. "कोणी बिघडवली होती हो एवढी चांगली गाडी?"

मी धाकट्याकडे बोट दाखवलं. "ह्याने."

आपोआप वर गेलं बोट. इतक्या वर्षांची सवय.

१४ नोव्हेंबर

सकाळी निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "माझं चुकलं, दादा. पहिल्याच दिवशी पाइप काढला तेव्हा ते फडकं मी पाहिलं होतं. तसंच आत ठेवलं परत. म्हटलं, तुझ्या हाताला लागू दे, तूच सांगशील."

ही माझ्या शेजारीच उभी होती.