कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा पेशंट

होबार्ट,
मंगळवार

प्रिय आई,

नाही करणार बंद. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे उत्तर शोधत चार पानं चाळायला नकोत. ‘तो खेळ बंद कर, टेगन’ एवढा निरोप पाठवलास आणि वर फोन बंद करून बसलीस. वा! डॉक्टर रॉझलिंड पॅस्को यांनी निदान केलं, औषध लिहून दिलं आणि दार लावून घेतलं. पण मीही तुझीच मुलगी. फोन बंद तर बंद, पोस्टमन अजून कॉर्बेट क्रीकला येतो ना? हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून आज गेमच्या स्टुडिओला दांडी मारून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसलेय. अक्षर तुझ्यावर गेलंय माझं, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही.

तू का चिडलीस ते मला कळलंय. दुकानात गल्ल्यावरच्या पोरीच्या टी-शर्टवर ‘दोन मिनिटं हं!’ असं छापलेलं दिसलं आणि तू सामान तिथंच टाकून घरी निघून आलीस. दुकानवाल्या ग्लेनिसचा लगेच फोन आला मला. “अगं, तुझ्या आईची चहापत्ती नि कोंबड्यांचं खाद्य माझ्याकडंच राहिलंय. काय झालं गं तिला? उधारी मागितल्यासारखी पळाली.” तिला काय सांगणार मी? आपल्या इस्पितळाच्या त्या बोळात तू दिवसातून पन्नासदा म्हणायचीस ते शब्द आज जगभरची पोरं छातीवर मिरवतायत, आणि ते मी त्यांच्या हाती दिले. तुला वाटतं, लोक तुला हसतायत. जरा दम धर, सगळं ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तू गेम खेळलेली नाहीस, दुकानातल्या पोरीनं सांगितलं तेवढंच तुला माहीत. तर ऐक. डोंगरातलं एक छोटं इस्पितळ, बाहेर पाऊस, आणि डॉक्टर एकटी तूच. अंगठ्यात गळ रुतलेला मासेमार येतो, साप चावलेला येतो, नाकात वाटाणा कोंबलेला पोरगा येतो. एकेकाला तपासायचं. आणि वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, गुडघ्यावर टोपी ठेवून, एक माणूस बसलेला असतो. त्याला चेहराच नाही. तुम्ही त्याच्यासमोरून जाताना तो टोपी जराशी उचलतो. तुम्ही ‘दोन मिनिटं हं’चं बटण दाबता आणि पुढं जाता. दर वेळी परत येऊन बघावं, तर तो एक खुर्ची अलीकडं सरकलेला. दिवे मिणमिणायला लागतात. तो तुमच्या दाराशी पोचला की खेळ खलास.

आता लोक काय करतात सांगू? किंचाळतात आणि पळतात. दार लावतात, त्याला झोपेचं इंजेक्शन टोचतात, एकानं तर त्याच्या अंगावर मलमपट्टीची सगळी ट्रॉली ढकलली. आपण खेळतोय ते थेट दाखवणारी पोरं असतात ना, त्यांच्या किंकाळ्यांवर आमचा पहिला महिना निघाला. मग सुरू झाला शिव्यांचा पाऊस. ‘शेवट नसलेला भिकार खेळ.’ ‘डॉक्टरकडे सुरी असते, मग भुताला मारता का येत नाही?’ ‘दोन मिनिटंवाल्या बाईचं लायसन काढून घ्या.’ हे शेवटचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, सांगून टाकते. पण त्याच गर्दीत डार्विनची एक नर्स होती. तिनं लिहिलं, ‘दिवसभर ड्युटीवर हेच करते, घरी येऊन पुन्हा हेच खेळू? वेडी आहे का मी? पण संपवूनच उठले आणि मग ढसाढसा रडले.’ वागा गावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं लिहिलं, ‘भूतबित सोडा हो. एकट्यानं अख्खं इस्पितळ सांभाळायचं, हीच खरी भीती. कुणीतरी बोललं एकदाचं.’

त्या दोघांना शेवट सापडला होता, आई. गेममध्ये शेवट आहे. बाकीचे पेशंट आपसात गप्पा मारत असतात, त्यात कुणीतरी म्हणतं, ‘तो आर्च बघ, सकाळपासून छाती चोळतोय.’ पण पोरांना कुठला धीर? ती गप्पा ढकलून पुढं जातात. ज्यानं ऐकलं त्याला नाव कळतं. मग पळायचं नाही, मारायचं नाही. स्वतः दार उघडायचं, वेटिंग रूममध्ये यायचं आणि माइकमध्ये त्याला नावानं हाक मारायची. बस. तो उठतो, आत येऊन बसतो, आणि मगच त्याला चेहरा येतो.

हे मी कुठून उचललं हे तुला सांगायला हवं का? मुख्य शहरातून दोन-दोन महिन्यांसाठी येणारे डॉक्टर खुर्चीतूनच आडनाव ओरडायचे. तू कधी तसं केलं नाहीस. दर वेळी उठून दारात यायचीस आणि ‘ये गं डॉट, गुडघा काय म्हणतोय?’ असं नाव घेऊन आत न्यायचीस. शाळा सुटली की मी त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर गृहपाठ घेऊन बसायचे. तू समोरून जायचीस, माझ्या केसांवर टपली मारायचीस आणि म्हणायचीस, ‘दोन मिनिटं, टेग.’ तुझी दोन मिनिटं म्हणजे जेवण गार होऊन पुन्हा गरम व्हायचं. पण शेवटी तू यायचीस. दर वेळी यायचीस. टी-शर्टवाल्यांना हे ठाऊक नाही, मला आहे.

सिडनीचे आमचे प्रकाशक आहेत ना, त्यांचा कार्ल गेल्या महिन्यात येऊन बसला. म्हणे, लोकांना हत्यार हवंय. “खणात एक छोटंसं पिस्तूल ठेवा की. नाहीतर निदान त्याच्या डोक्यावर नावाची पाटी तरी लावा. नाहीतर पुढचे पैसे विसरा.” मी म्हटलं, “पिस्तुलानं पेशंट बरा होतो हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?” तो गेला तरातरा. माझा भागीदार निको, तो कोड लिहितो, डोक्याला हात लावून बसला. “शाब्बास. आता आपण जेवायचं काय, कोड?” पण पाटी त्यानंही लावली नाही. तर बघ, कार्लला नाही म्हणून झालं, खेळणाऱ्यांना नाही म्हणून झालं, आता तुझी पाळी. नाही.

आता त्या दुपारबद्दल बोलते. आपल्या घरात तो विषय निघाला की तू उठून चुलीत लाकूड घालायला जातेस. या खेपेला जा खुशाल. पत्र टेबलावरच राहील. फुटबॉलची अंतिम मॅच होती, सगळं गाव टीव्हीसमोर. तिघं पोरं मोटरसायकलीवरून घसरून रक्तबंबाळ आली. मॅच संपल्यावर मर्व्ह हॉज येऊन कोपऱ्यात बसला. तू धावत जात होतीस, त्यानं टोपी उचलली, तू म्हणालीस, ‘दोन मिनिटं, मर्व्ह.’ पोरं वाचली. मग तू दारात आलीस, ‘ये मर्व्ह’ म्हणालीस, आणि तो उठलाच नाही. चौकशीनं तुझा दोष नाही म्हणून सांगितलं. पण इस्पितळाच्या कुंपणावर कुणीतरी नालायकानं रंगानं काहीबाही लिहिलं, आणि तू राजीनामा दिलास. तेव्हापासून शेंगा, कोंबड्या आणि बंद दार. मर्व्हची बायको बेव्ह मुलीकडं मेलबर्नला निघून गेली. ती तुझं तोंड बघू इच्छित नाही, हे तू ठरवून टाकलंस. विचारलंस कधी तिला?

तुझा निरोप आला तेव्हा मी मेलबर्नच्या गेमच्या जत्रेतून नुकतीच परतले होते. तिथं आमचा छोटासा स्टॉल होता. रांगेतली पोरं ओरडून ओरडून शेजारच्यांना वात आणत होती. एक आजी आली, नात कुठल्याशा दुसऱ्या रांगेत अडकलेली. म्हणाली, “मला काही खेळायचं नाही गं बाई, पाय मोडून आलेत. बसू का जरा?” आणि आमच्या खुर्चीत बसली. आई, मी ओळखलं. बेव्ह हॉज. तिनं मला नाही ओळखलं. माझे केस कापलेले, वर हिरवे केलेले. मी निकोला डोळ्यांनी खुणावलं की स्क्रीन बंद कर. त्या शहाण्याला वाटलं हेडफोन दे म्हणतेय. त्यानं मोठ्या प्रेमानं तिच्या कानांवर चढवले.

ती खेळली. आणि काय सांगू, तिनं गप्पा अजिबात ढकलल्या नाहीत. आपल्या गावची बाई ती, चार माणसं बसून बोलतायत म्हटल्यावर ऐकल्याशिवाय हलेल? नाकात वाटाणावाल्या पोराला खळखळून हसली, गळवाल्याला ‘दारू पिऊन गेला असशील’ म्हणाली. मग तिला कोपऱ्यातला माणूस दिसला. गुडघ्यावर टोपी. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता उठेल आणि माझ्या थोबाडीत देईल. पण ती खुर्चीतच पुढं सरकली. मग तिनं दार उघडलं, माइकशी वाकली आणि घरात हाक मारावी तशी म्हणाली, “मर्व्ह, ऊठ बाबा. तुझी पाळी आली.”

गेममध्ये त्याचं नाव आर्च आहे. पण दुसरंही एक नाव मी त्याला शिकवून ठेवलं होतं. जगात ते फक्त निकोला माहीत होतं, आणि तोही विचारून थकला होता, ‘कोण घेणारेय हे नाव?’ मला तरी कुठं ठाऊक होतं? तुला सापडावं असं वाटायचं कधीकधी. तो माणूस उठला, आई. टोपी हातात घेतली, आत आला, बसला.

बेव्हनं हेडफोन काढले, माझ्याकडं नीट बघितलं. “रॉझची पोरगी ना तू? केसांना शेवाळ लागलंय म्हणून ओळखलं नाही.” मग माझा हात धरून बसली. तिचे शब्द आहेत तसे लिहिते. “सकाळपासून छाती चोळत होता मेला. चल दवाखान्यात म्हटलं तर म्हणे, मॅच संपू दे. आणि तिथं गेल्यावर नर्सला काय सांगितलं माहितेय? जरा जळजळतंय, पोरांना आधी घ्या. मरेपर्यंत सभ्यपणा करत बसला. मी त्याला कान धरून सकाळीच का नेलं नाही, हे मी रोज स्वतःला विचारते. तुझ्या आईवर त्या दिवसाचा राग नव्हता गं. राग आला तो नंतर. अंत्यविधीला सगळं गाव आलं, सँडविच खाऊन गेलं. आणि जिनं शेवटपर्यंत त्याच्या छातीवर हात दाबून धरले, ती तेवढी आली नाही. मला तिच्याकडूनच ऐकायचं होतं. शेवटी काही बोलला का तो.” चौकशी चालू असेतो भेटू नका, असं तुला सांगितलं होतं, ठाऊक आहे मला. पण चौकशी संपून किती वर्षं झाली, आई? तुला वाटत होतं तू तिला तोंड दाखवू नयेस. ती तर तुझ्या दाराकडं डोळे लावून बसली होती. एवढी हुशार डॉक्टर तू, आणि एवढं साधं निदान चुकलीस! मला तुझा राग येतो आणि तुझ्याबद्दल माया वाटते, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून गेम राहणार आणि म्हणून हे पत्र. बेव्ह शुक्रवारच्या बोटीनं निघतेय, शनिवारी सकाळी डेव्हनपोर्टला उतरेल आणि दुपारपर्यंत कॉर्बेट क्रीकला पोचेल. मी म्हटलं, आधी आईला कळवते. तर म्हणाली, “कळवू नकोस, मागच्या दारानं पळेल.” मी तरी कळवतेय, कारण तू पळणार नाहीस अशी मी निकोशी पैज लावलीय. ती दार वाजवणार नाही म्हणाली. ओसरीवरच्या त्या लाकडी बाकावर बसून राहील, पाऊस असला तरी. “रॉझला सवड झाली की येऊ दे बाहेर. डॉक्टरच्या दारात बसायची सवय आहे मला.” तुला काही बोलायचं सुचलं नाही तरी चालेल. नुसती बाहेर ये आणि तिला नावानं हाक मार, तू सगळ्यांना मारायचीस तशी. आणि आई, ‘दोन मिनिटं’ म्हणू नकोस.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच हट्टी,
टेगन