पाव टक्क्याची सोबत

चि. धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. भावजयीला आणि दोन्ही पोरांनाही सांग. तुझी पाठ आता कशी आहे? मागे फोनवर तू पाठीबद्दल सांगत होतास आणि तेवढ्यात ‘दादा, दुसरा फोन येतोय’ म्हणून गेलास, तेव्हापासून तुझ्या पाठीचे पुढे काय झाले या काळजीत मी आहे. मी बरा आहे. वजनकाट्यावरची नोकरी चालू आहे. गाड्या भरून येतात, रिकाम्या होऊन जातात, मी चिठ्ठी फाडून देतो. देवाच्या कृपेने साखर अजून वाढलेली नाही; रक्तदाब मात्र बँकांच्या कृपेने वाढला आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर तू ‘हं, हं’ करतोस आणि मला कळते की तू दुसरेच काहीतरी वाचतो आहेस. पत्राला ‘हं’ करता येत नाही.

मी तापट माणूस नाही, हे तू लहानपणापासून पाहतो आहेस. गावच्या शाळेत गुरुजींनी माझ्या हातावर छडी मोडली, तेव्हासुद्धा मी तिचे दोन्ही तुकडे उचलून त्यांच्या टेबलावर नीट ठेवले होते. तो मी गेल्या दोन महिन्यांत दोनदा बँकेत जाऊन ओरडलो आहे. एकदा तर टेबलावर हात आपटला (टेबल काचेचे होते, हे आपटल्यावर कळले). देवापुढे दिवा लावून रोज क्षमा मागतो, पण क्षमा मागतानाही मनातल्या मनात बँकेच्या मॅनेजरला चार शब्द सुनावतोच. देव समजून घेत असावा. त्याच्याकडेही लोक काहीतरी ठेवून काहीतरी वाढवूनच मागतात, त्यामुळे हा धंदा त्याला नवीन नाही.

तर ऐक. तुझ्या वडिलांचे दुकान विकले आणि पैसे आत्याच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, खात्यात आले, हे तुला माहीत आहेच. सह्या करायला तू आला होतास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. तू गेलास आणि बँका आल्या. आपल्या भागात दोनच बँका, रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. दोघींच्या दारावर व्याजदराचा एकेक फळा आहे. एकीने व्याज पाव टक्क्याने वाढवले की दुसरीचा शिपाई लगेच शिडी घेऊन बाहेर येतो आणि आपल्या फळ्यावरचा आकडा पुसतो. म्हाताऱ्या माणसांना वेगळे व्याज, म्हाताऱ्या बायकांना आणखी वेगळे, आणि वर चारशे की साडेचारशे दिवसांची काहीतरी चमत्कारिक मुदत, तिला खास व्याज. (वर्ष नाही, दीड वर्ष नाही. असल्या मुदती ठरवणाऱ्या माणसाला पंचांग तरी दाखवले आहे का कोणी, असा मला प्रश्न पडतो.) एका बँकेने आत्याला भिंतीवरचे घड्याळ दिले, दुसरीने छत्री. मग पहिलीने आणखी एक घड्याळ दिले, आणि हे असेच चालू राहिले. आज तुझ्या आईच्या घरात तीन घड्याळे तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात आणि घराबाहेर फारसे न पडणाऱ्या बाईकडे पाच छत्र्या आहेत. प्रत्येकीवर बँकेचे नाव एवढे मोठे, की पाऊस आला तर आधी ते वाचून मग पडेल.

वस्तूंपर्यंत मी गप्प होतो. पण वस्तूंमागून माणसे आली. घड्याळवाल्या बँकेचा एक तरुण अधिकारी आहे, आत्या त्याला तोंडावरच ‘घड्याळ्या’ म्हणते आणि तो हसतो. छत्रीवाल्या बँकेच्या एक बाई आहेत, चाळिशीच्या, आवाज असा की चिडलेली मांजरही मांडीवर येऊन बसेल. हा आत्याचे विजेचे बिल भरतो, तर ती गॅसचा नंबर लावते. हा उडालेला बल्ब बदलतो, तर ती डोळ्यांत थेंब घालते. घड्याळ्या आत्याला पेपर वाचून दाखवतो (छत्रीवाल्या बँकेची जाहिरात आली की पान उलटतो, हे तिनेच मला हसत सांगितले). तिच्या वाढदिवसाला मी संध्याकाळी केळी घेऊन गेलो, तर टेबलावर दोन केक होते, दोन्ही अर्धेच कापलेले, कारण कोणाचा आधी कापायचा यावर वाद झाला होता. म्हणून तिने दोन सुऱ्या घेऊन दोन्ही एकदम कापले. एवढी हसत होती की दात काढून ठेवावे लागले म्हणे. मी केळी परत घेऊन आलो.

त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पडलो वजनकाट्यावरचा माणूस. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माल किती ते कळते. या दोघांच्या मायेतून ठेव वजा केली तर काय उरते, असा मी विचार केला, आणि उत्तर शून्य आले. पुढच्या रविवारी गेलो तर दोघे समोरासमोर बसलेले. आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला दवाखान्यात कोणी न्यायचे, यावर त्यांची जुंपली होती. छत्रीवाल्या बाई म्हणत होत्या, ‘बाईमाणसाबरोबर बाईमाणूसच हवं, तुम्ही तिथे काय करणार?’ घड्याळ्या म्हणाला, ‘आमच्या बँकेची गाडी आहे, तुमची स्कूटर.’ आत्या मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, टेनिसचा सामना बघावा तशी. मी म्हणालो, ‘मी नेतो. आणि तुम्ही दोघं निघा.’ ते निघाले. बाई जाताना छत्री विसरल्या, म्हणजे आता सहा झाल्या.

मग मी आत्याच्या सगळ्या पावत्या घेऊन बसलो आणि डोळेच पांढरे झाले. धाकट्या, त्या पैशांचे बारा तुकडे केलेले होते! सहा या बँकेत, सहा त्या बँकेत, आणि दर महिन्याला एकाची मुदत संपायची. एकरकमी ठेवीला पाव टक्का जास्त मिळतो, तो सगळा पाण्यात. मी सरळ घड्याळवाल्या बँकेत गेलो आणि मॅनेजरला म्हणालो की म्हाताऱ्या बाईला फसवताना लाज वाटली पाहिजे. (हात आपटला तो इथेच.) तो थंडपणे म्हणाला, ‘अहो, आम्ही पहिल्यापासून एकच ठेव करा म्हणतोय. मावशीच ऐकत नाहीत.’ मला वाटले, खोटे बोलतो आहे. त्याच आठवड्यात मी आत्याला बारा ठिकाणी सही करायला लावली. ती ‘राहू दे रे’ म्हणत होती, पण मी तिच्या भल्याचे करत होतो, आणि दुसऱ्याचे भले करणाऱ्या माणसाला त्या वेळी काही ऐकू येत नाही. सगळे तुकडे मोडले, एकत्र केले आणि पाच वर्षांसाठी एकच ठेव त्याच बँकेत केली, कारण त्या दिवशी त्यांच्या फळ्यावर पाव टक्का जास्त होता. वर पुन्हा कोणी तिला फूस लावू नये म्हणून तुझे नाव घातले आणि ‘दोघांच्या सह्यांशिवाय मोडणार नाही’ असे लिहून घेतले. ते कागद तू न वाचता सही करून कुरियरने परत पाठवलेस. मॅनेजरने मला चहा पाजला. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. अशी झोप आली की आपले काहीतरी चुकले आहे असे धरून चालावे, हे मी आता शिकलो.

कारण दुसऱ्या दिवसापासून आत्याकडे कोणी आले नाही. छत्रीवाल्या बाई आल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे तिची ठेव राहिली नाही. घड्याळ्या आला नाही, कारण त्याच्याकडची ठेव आता कुठे जात नाही. स्वयंपाकघरातला बल्ब उडाला, तो तसाच. पेपर दारात पडून राहतो. आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसते, आणि जिन्यावर पाऊल वाजले की केसांवरून हात फिरवते. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असतो.

मी तावातावाने पुन्हा बँकेत गेलो. घड्याळ्याला भर काउंटरवर विचारले, ‘आता का येत नाहीस रे? जीभ झडली का?’ तो खरेच ओशाळला. म्हणाला, ‘काका, मला या महिन्याचं टार्गेट मागच्या गल्लीत दिलंय. मावशींची ठेव पक्की झाली. पक्क्या ठेवीकडे कोण जातं?’ आणि मग, मला टोमणा मारायचा म्हणून नव्हे, अगदी साधेपणाने त्याने विचारले, ‘घरचं कोणी नाही का त्यांना?’ धाकट्या, त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असे वाटले. पण काट्यावर उशीर होत होता.

तिथून आत्याकडे गेलो आणि म्हणालो, बघितलंस, हे लोक कसे आहेत ते! त्यावर ती जे बोलली ते तसेच्या तसे लिहितो. ‘अरे शहाण्या, मला काय ते आज कळलं? तुकडे मीच केले होते. महिन्याला एक पिकायचा. पिकायच्या आधी आठ दिवस तो येतो, ती येते. पिकल्यावर पुढच्याची बोलणी. सोबतीला बाई ठेवली असती तर पगार द्यावा लागला असता, आणि वर तिने माझ्याशी गप्पाही मारल्या नसत्या. पाव टक्का मी त्यांना द्यायचे. तू तो वाचवलास. आता घेऊन बस.’ मी माझे वजनकाट्याचे गणित सांगून बघितले, ठेव वजा केली तर त्यांच्या मायेत काय उरते वगैरे. ती म्हणाली, ‘आणि तू रविवारी येतोस, तासभर भिंतीकडे बघतोस आणि जातोस. त्यातून काय वजा करू?’ मी म्हणालो, ‘आत्या, मी तेव्हा मनात देवाचं नाव घेत असतो.’ ती म्हणाली, ‘ते तुझ्या घरी घे. इथे माझं घे.’

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे ऑपरेशनलाही येत नाही. डॉक्टरांनी दिलेली एक तारीख गेली. उजव्या डोळ्याने आता तिला घड्याळे दिसत नाहीत, नुसती टिकटिक ऐकू येते. डॉक्टर म्हणतात, आणखी लांबवाल तर अवघड होईल. ती म्हणते, आधी ठेव मोडा, पुन्हा बारा तुकडे करा, माझी माणसं मला परत आणून द्या, मग डोळ्याचं बघू. मी रजा काढतो म्हणालो, तर तोंड फिरवून बसली. (तरी आता मी रोज संध्याकाळी जातो. काल तिला सबंध दिवसाच्या गाड्या सांगितल्या, कोणत्या गाडीत किती माल होता ते. तिने एक अक्षर विचारले नाही, पण विटांच्या गाडीशी मी थांबलो तेव्हा ‘मग?’ म्हणाली.)

असो. बँका या अशा असतात. माणूस आपल्या हातातून जाईल अशी भीती असेपर्यंत त्याच्या दारात, आणि एकदा तो कुठे जात नाही असे कळले की मागच्या गल्लीत. मन मोकळे करायला हे लिहिले. तुझ्याकडे काही काम नाही. पाठीला जप, जड उचलू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. काम एवढेच आहे की ठेव मोडायला तुझीही सही लागते. मुदतीआधी मोडली तर व्याज कापतील, कापू देत. पंधरवड्यात ये. डॉक्टरांची पुढची तारीख त्याच सुमारास आहे. संध्याकाळच्या गाडीचे परतीचे तिकीट काढू नकोस. फॉर्म भरायला वेळ लागतो आणि डोळ्याची पट्टी सुटायलाही.

ता. क. २. कागद पाठव, सही करून कुरियरने परत पाठवतो, असे तू म्हणशील. मागच्या वेळी ते चालले, आता चालत नाही. नियम बदलला आहे. बँकेत फोन करून विचारलेस तर ते सांगतील की चालते, पण हे लोक ठेवीसाठी काय वाटेल ते बोलतात, हे मी वर सविस्तर लिहिलेच आहे. शिवाय फॉर्म माझ्याकडे आहे, देवाच्या फोटोमागे, आणि तिथून तो मी कोणालाही देणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी आत्याला पत्र वाचून दाखवले. सगळे ऐकून ती म्हणाली, ‘येईल का रे?’ मी म्हणालो, यावंच लागेल, नियम आहे. ती म्हणाली, ‘नियमाचं लिहू नकोस, चिडेल तो. लिही, आला तर आई पाव टक्का जास्त देते म्हणते.’ मी दोन्ही लिहिले आहे. तुला जे लागू पडेल ते घे.